रात्री आठची गिनती

दादाच्या फाईलचं आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं, तिथूनच सुरुवात करते.

निळी प्लास्टिकची बटणवाली फाईल. आत पेन्शनची ऑर्डर म्हणजे पीपीओ, डिस्चार्ज बुक, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, जॉइंट खात्याचं पासबुक, सातबारा, सगळं एकेका पाकिटात आणि पाकिटावर त्याच्या त्या सरळ अक्षरात नाव. वहिनींच्या नावात रेकॉर्डला एक अक्षर चुकलेलं होतं, सतरा वर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, तर ते दुरुस्त करायला ह्यानं अॅफिडेव्हिट केलं, जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसला चार चकरा मारल्या, बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवला. मग एका रविवारी वहिनींना समोर बसवून फॅमिली पेन्शन कशी चालू करायची, कुठला फॉर्म, कुणाला भेटायचं, सगळं दोनदा म्हणून घेतलं. मी तेव्हा पुण्याहून आलेले, तिथंच चहा पीत बसले होते. म्हटलं, बघा वहिनी, मिलिटरी शिस्त म्हणतात ती ही. सगळे हसलो. दादापण हसला.

त्याला तेव्हा मरायचं होतं.

हे लिहू का म्हणून त्याला विचारलं तर म्हणाला गावाचं नाव टाकू नको, बाकी लिही, कुणाला तरी उपयोग होईल. म्हणून लिहितेय.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी ही काही नवलाची गोष्ट नाही. अपशिंग्याच्या तर नावालाच मिलिटरी चिकटलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आमच्या गल्लीतसुद्धा पाच घरं आहेत. शिपाई असो की हवालदार, पेन्शनवर आला की गाव त्याला मेजर म्हणतं आणि तिथं गावाचं काम संपतं. दादा एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. मी राखी पाठवायचे तेव्हा पाकिटावर गावाचं नावच नसायचं, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, एवढंच, तो नक्की कुठं आहे हे मला कधी कळलं नाही. काश्मीरला राष्ट्रीय रायफल्समध्ये होता, मग राजस्थान, मग परत वर. पंधरा वर्षं झाली की पेन्शन लागू होते, त्यानं सतरा काढली आणि छत्तिसाव्या वर्षी काळी ट्रंक घेऊन घरी आला. छत्तीस! आमच्या ऑफिसात छत्तीस वर्षांचा माणूस नुकता टीम लीड झालेला असतो.

सुट्टीवर आला की अख्खं गाव त्याला दोन प्रश्न विचारायचं, कधी आला आणि किती दिवस सुट्टी. साठ दिवसांत घर म्हणजे मटण, लग्नं, जत्रा. कायमचा आल्यावर दुसरा प्रश्न बंद झाला आणि त्याला घरात नक्की कुठं बसायचं तेच कळेना असं वहिनी म्हणतात. त्यांनी सतरा वर्षं एकटीनं घर चालवलेलं, सासऱ्यांचं आजारपण, पोरीची शाळा, सोसायटीचं कर्ज, सगळं. आता हा पहाटे चारला उठून ओट्यावर बूट घासत बसणार, पोरीचे शाळेचे बूट नीट पॉलिश नाहीत म्हणून ओरडणार, एसटी दहा मिनिटं लेट झाली तरी चिडणार. शिवाय चुलत्यांनी मधल्या काळात बांध हाताभर आत सरकवलेला. नोकरीत असताना युनिटच्या सीओ साहेबांचं पत्र कलेक्टर ऑफिसला जायचं, निदान तलाठी खुर्ची द्यायचा. रिटायर झाल्यावर तोच तलाठी म्हणतो उद्या या मेजर.

निघायच्या आधी डीजीआरतर्फे, म्हणजे फौजींच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्यातर्फे, कोर्स असतात, सिक्युरिटीचा, कॉम्प्युटरचा वगैरे. दादानेपण केला. नोकरी लागली, कॅश व्हॅनवर गार्ड, स्वतःच्या लायसनची बारा बोअरची बंदूक घेऊन. पण घरात कसं राहायचं ह्याचा कोर्स नसतो.

आणि कोटा. ह्यावर मला राग येतो म्हणून थोडं जास्त लिहिणार आहे. गावात मेजरची किंमत म्हणजे त्याचा कॅन्टीनचा दारूचा कोटा. हळदीला दोन बाटल्या सोड ना मेजर, निवडणुकीला सोड ना. ज्यांनी त्याला कधी जेवायला बोलावलं नाही ते महिन्याच्या सुरुवातीला न चुकता घरी. द्यायची म्हणून आणायची, आणली की राहायची, राहिली की रात्री झोप नाही म्हणून एक, मग दोन. वहिनींनी मला सांगितलं तर मी काय म्हणाले माहितीय? फौजी आहे, घेणारच. मी. एमएससी झालेली.

सिनेमात दाखवतात तसं फटाका वाजला आणि हा खाटेखाली लपला असं काहीही झालं नाही. उलट तो जास्त जास्त व्यवस्थित होत गेला. बोलणं कमी, जेवण कमी, आणि फाईल.

ओळखलं ते शेजारच्या गावच्या सुभेदार साहेबांनी. सैनिक कल्याण ऑफिसच्या बाकड्यावर दोघं शेजारी बसलेले, त्यांनी दादाची फाईल चाळली, दोनच प्रश्न विचारले, एवढी घाई कशाला आणि पोरगी कितवीला. मग बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि सरळ म्हणाले, मरायचा विचार डोक्यात येतो का रे? दादा म्हणतो, दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. तो तिथंच टपरीच्या फळीवर बसला आणि रडला, लोक बघत होते.

नंतर मी साहेबांना विचारलं, असं थेट विचारायची भीती नाही वाटली का, नसेल तर त्याच्या डोक्यात घातल्यासारखं होईल. ते म्हणाले, पोरी, मी एकदा नाही विचारलं, माझ्या कंपनीतला जवान गेला. पुढं दादाच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, विचारल्यानं विचार येत नाही, असलेला बाहेर येतो.

साहेबांनी लगेच केलेलं दुसरं काम म्हणजे बंदूक. निवडणुकीच्या वेळी पोलीस स्टेशनला जमा करतात तशी दुसऱ्या दिवशी सकाळी बंदुकीच्या दुकानदाराकडं जमा करून पावती घेतली आणि पावती स्वतःच्या खिशात ठेवली. दादाची ड्युटी गेली, पगार गेला, वहिनी जरा कुरकुरल्यापण. आता त्यांनाही पटतं. अशी वेळ पुष्कळदा थोड्या तासांची असते, तेवढ्या तासांत हाताशी काही नसलं की माणूस पलीकडं निघतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी दहातल्या सातांमागं बंदूक असते, त्यामुळं तिथले डॉक्टर घरच्यांशी कुलपाबद्दल बोलतात. आपल्याकडं ह्या विषयावर कोण कुणाशी बोलतं.

डॉक्टरचं प्रकरण सोपं नव्हतं. ईसीएचएसच्या ज्या पॉलिक्लिनिकला पहिल्यांदा गेलो तिथं मानसोपचारवाला नव्हता, जे होते त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, फौजी असून एवढ्यानं खचता होय? दादा गोळ्या न घेताच परत आला. आता ईसीएचएस २००३ पासून आहे, त्यामुळं लाखो घरांचे गुडघे, बायपास, मोतीबिंदू झालेत, आमच्या आप्पांचंपण झालं, नावं ठेवणार नाही. पण रेफरल मागायला आधी स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं की माझं मन बरं नाही, आणि फौजी नेमकं तेच सतरा वर्षं लपवायला शिकलेला असतो. त्यांच्या मेडिकलला शेप म्हणतात, पाच अक्षरं, त्यातलं पहिलंच एस, म्हणजे मानसिक. शेप वन असलास तर प्रमोशन, कोर्स, चांगली पोस्टिंग, तिथं घसरलास की लो मेडिकल, आणि बराकीत नाव पडतं सायको केस. ही भीती डिस्चार्ज बुकाबरोबर घरी येते. दादाला खरंच वाटत होतं की मानसिक आजाराचा कागद झाला तर पेन्शन थांबेल. नाही थांबत. पोलीस केसची पण भीती होती त्याला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम ११५ मध्ये, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची असं लिहिलंय. हे आम्हाला टेलिमानसवरच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनवरच्या, मुलीनं सांगितलं, मराठीत, रात्री साडेअकराला. १४४१६, फुकट आहे, चोवीस तास. लष्करातल्या लोकांसाठी त्याचा वेगळा सेल २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात एएफएमसीला, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला, आमच्या घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि आमच्या गल्लीतल्या पाच मेजरांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मेळाव्यात घरपट्टी माफी, वन रँक वन पेन्शन, कॅन्टीन सगळ्यावर दोन दोन तास बोलतात.

शेवटी रेफरल मिळालं, डॉक्टर बरे निघाले. निदान डिप्रेशन, आणि दारू. मी आपली इंटरनेटवर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार, वाचून गेलेले, त्यांनी शांतपणे सांगितलं की सगळं युद्धातनंच येत नाही ताई, बांध, पैसे, घरातली जागा, झोप, हे पण बघा. संसदेत जवानांच्या आत्महत्येबद्दल उत्तरं देतात त्यातपण कारणं हीच असतात, घरची भांडणं, नवराबायको, पैसा, ताण.

त्या दिवसांत मला आकड्यांचं वेड लागलं होतं. अमेरिकेत २०२२ साली ६,४०७ माजी सैनिक आत्महत्येनं गेले, दिवसाला सतरा-अठरा. त्यांना हे कळतं कारण ते सैन्यातल्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी जुळवून बघतात. त्या मोजण्यातनंच कळलं की सैन्य सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष जास्त धोक्याचं, त्यावरून त्यांनी २०१८ ला त्या वर्षासाठी उपचाराची वेगळी सोय केली. मग मी आपल्या एनसीआरबीचा, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, रिपोर्ट उघडला. २०२२ ला देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. धंद्याप्रमाणे रकाने आहेत, शेतकरी, रोजंदारी, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त. माजी सैनिक हा रकाना नाही. म्हणजे दादा गेला असता तर कुठं गेला असता? शेती करतो म्हणून शेतकरी, नाहीतर गार्ड म्हणून खासगी नोकरी. सतरा वर्षं कुठल्याच रकान्यात नाहीत.

हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, गिनतीतनंच बाहेर काढलं म्हण की.

गिनती म्हणजे रोज संध्याकाळी रांगेत फॉलिन होतात आणि एक, दो, तीन असं आपापला नंबर ओरडतात. एक कमी पडला तरी कुणी झोपत नाही, मेस बंद, सगळे शोधायला. घरी आल्यावर कुणी मोजत नाही, हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं इतके दिवस, त्या दिवशी सांगितलं.

तर सुभेदार साहेबांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढलाय, नावच गिनती. चौदा जण आहेत, आसपासच्या सहा गावांतले. गुड मॉर्निंगचे फोटो टाकले की बाहेर, राजकारण टाकलं की बाहेर. रात्री आठला साहेब लिहितात गिनती, आणि प्रत्येकानं आपला नंबर टाकायचा. बस. साडेआठपर्यंत नंबर आला नाही तर फोन, फोन लागला नाही तर जवळचा जो कोण असेल त्यानं गाडी काढायची. औषध चालू आहेच, डॉक्टरपण चालू आहेत, कोटा वहिनींच्या ताब्यात आहे आणि हळदीवाले आता आमच्याकडं येत नाहीत. दादा नववा.

मागच्या जुलैत मी घरी होते, मुसळधार पाऊस, दुपारपासून लाईट नाही, टॉवर गेलेला. दादा नऊ वाजताच झोपला. सव्वादहाला दार वाजलं. सुभेदार साहेब, अडुसष्ट वर्षांचे, रेनकोटमधनं पाणी गळतंय, आणि मागं गाडी चालवणारा एक नाईक. दादा बनियनवरच बाहेर आला, म्हणाला, अहो साहेब, टॉवर गेलाय, नेटच नाही, एवढ्या पावसात कशाला.

साहेब म्हणाले, नंबर?

दादा उंबऱ्यात सरळ उभा राहिला. नौ, म्हणाला.

वहिनींनी चुलीवर चहा ठेवला, दूध नव्हतं म्हणून कोराच. साहेबांनी दोन कप घेतले आणि आमच्या रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत गेले.