ठपक्यांच्या नोंदींतून सापडलेलं घराणं

सासूबाईंच्या आईकडचं घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, आणि ते पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनबरोबर ‘वेलकम’ जहाजातून अमेरिकेत आलं, असं त्यांच्याकडे सगळेच सांगत. घरात टाइप केलेला एक कागदही होता. वर पेनचं नाव, खाली थेट सासूबाईंच्या पणजीचं, आणि मधली पावणेदोनशे वर्षं कोरी. ती भरायचं मी मनावर घेतलं, त्याला कारण होतं. आमच्या माहेरचा छापील कुलवृत्तांत मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यात पुरुषांच्या दहा-बारा पिढ्या सलग लागतात, पण आत्या, आजेआत्या ‘अमुक गावी दिली’ एवढ्यावर संपतात. इथे तर शोधच एका बाईपासून सुरू होऊन तिच्या आईकडे, तिच्याही आईकडे जाणार होता. तो कुठवर जातो हे मला बघायचं होतं.

‘वेलकम’ मी आधीच बाजूला ठेवलं. पेनला पेनसिल्व्हेनियाची सनद १६८१ साली मिळाली आणि १६८२च्या ऑक्टोबरात तो इथे उतरला. जहाजावर शंभरेक माणसं होती, त्यांतली तीसेक वाटेतच देवीने गेली. प्रवाशांची मूळ यादी आज कुठेच नाही. ज्या फिरतात त्या मागाहून जुळवलेल्या. त्याच सुमारास आणखी वीसएक जहाजं क्वेकरांना घेऊन आली होती, पण पूर्वज हवा तो पेनच्याच जहाजावरचा, असं पुष्कळ घराण्यांना वाटतं. म्हणून वरून खाली न येता खालून वर चढायचं ठरवलं.

पणजीचा मृत्यूदाखला इंडियानातल्या वेन काउंटीचा. तिथून जनगणनेने मागे नेलं, पण ती वाट १८५०पाशी अडते. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव त्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५०च्या पानावर एका म्हातारीपुढे जन्मस्थान होतं नॉर्थ कॅरोलिना. माहेरचं आडनाव अर्थातच नव्हतं. क्वेकर बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या नाहीत. जुन्या काळी थडग्यावर नावाचा दगड बसवणंही त्यांना मान्य नव्हतं, त्यामुळे दफनभूमीत नुसतं गवत.

मग यांची माणसं नोंदली जात कुठे? मंथली मीटिंगमध्ये. आसपासच्या प्रार्थनासभा मिळून एक मंथली मीटिंग, ती महिन्यातून एकदा कामकाजाला बसे आणि सगळं लिहून ठेवी. जन्म, मृत्यू, लग्न, कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं, कुणाचं काय चुकलं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्या उलगडतात, तसंच इथे मीटिंगचं नाव कळलं की निम्मं काम झालं. फरक मोठा तो एवढाच, की पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी आणि बायकांचं इतिवृत्त बायकाच लिहीत.

तारखांचं गणित मात्र आधी समजून घ्यावं लागतं, आणि नवशिक्याने ते कागद हातात घेण्यापूर्वीच घ्यावं. महिन्यांची आणि वारांची नावं मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली म्हणून क्वेकर ती वापरत नसत; पहिला महिना, दुसरा महिना असं लिहीत. पण १७५२पर्यंत ब्रिटिश वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून पहिला महिना म्हणजे मार्च. ‘बारावा महिना १७१९’ दिसलं तर ते आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७२०. १७५२ साली कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, आणि तिथून पुढे पहिला महिना जानेवारी. हे माहीत नसेल तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि लोक भलत्याच गोष्टी रचत बसतात.

नॉर्थ कॅरोलिनासाठी विल्यम वेड हिनशॉ यांच्या कोशाचा पहिला खंड उघडला. हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातले गायक. उतारवयात त्यांनी देशभरच्या क्वेकर नोंदींचा गोषवारा काढायला घेतला आणि १९३६पासून त्याचे सहा खंड निघाले. माझ्यासारख्या किती जणांवर त्यांचे उपकार आहेत, गणती नाही. प्रत्येक नोंद दोन-तीन अक्षरांच्या खुणांत: जीसीटी म्हणजे अमुक मीटिंगकडे जायला सभासदत्वाचा दाखला दिला, आरसीएफ म्हणजे अमुक ठिकाणचा दाखला घेऊन आले, एमओयू म्हणजे समाजाबाहेर लग्न केलं. आमची म्हातारी तिच्या आईबापांबरोबर इंडियानाला गेल्याचं न्यू गार्डन मीटिंगखाली मिळालं, आणि तिच्या आईच्या नावापुढे लिहिलं होतं: पूर्वीची अमुक, एमओयू.

‘पूर्वीची’ म्हणजे माहेरची. ज्या आडनावासाठी मी जनगणना, जमिनीचे कागद, मृत्युपत्रं पालथी घातली होती, ते त्या एका ठपक्यात होतं.

हिनशॉच्या एका ओळीवर थांबू नये, मूळ पान वाचावंच. नॉर्थ कॅरोलिनाच्या वह्या ग्रीन्सबरोच्या गिलफर्ड कॉलेजात आहेत, आणि पुष्कळ पानांची छायाचित्रं आता अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. बायकांच्या वहीत ती हकिगत महिनोन्‌महिने चालते. एका महिन्यात तक्रार येते की हिने आपल्या समाजाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं. तिला भेटायला दोन बायका नेमल्या जातात. पुढच्या महिन्यात त्या सांगतात, भेट झाली, ती नीट बोलली, पण झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप असल्याचं काही म्हणाली नाही. प्रकरण महिनाभर पुढे ढकललं जातं. मग पुन्हा तेच. शेवटी तिचं सभासदत्व काढलं जातं. काही वर्षांनी ती स्वतःहून लेखी कबुली घेऊन येते, ती वाचली जाते, तिला परत घेतात, आणि लगोलग ती मुलांनाही सभासद करून घ्या म्हणून अर्ज करते. मुलांची नावं वयाच्या क्रमाने लिहिलेली. नवऱ्याचा त्यात कुठे संबंध नाही. त्या बाईबद्दल मला फार आपुलकी वाटली. दोनशे वर्षांपूर्वीची शेतकऱ्याची बायको, आणि ती कुणाला काय म्हणाली, काय म्हणाली नाही, हे दुसऱ्या बायकांच्या हातचं वाचायला मिळतं.

अशी माणसं थोडीथोडकी नव्हती. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून, त्याचे वडील स्क्वायर बून यांनाही पेनसिल्व्हेनियातल्या एक्सेटर मीटिंगने १७४८ साली काढलं. मुलाने बाहेर लग्न केलं आणि बापाने त्याबद्दल चूक मानायचं नाकारलं. दोनच वर्षांनी ते कुटुंब दक्षिणेकडे निघालं.

आमचं घराणंही त्याच वाटेने गेलेलं. बंडखोर बाईच्या आईबापांनी नॉर्थ कॅरोलिनात येताना जो दाखला आणला, तो न्यू गार्डनचाच! पण हे न्यू गार्डन पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीतलं. तिथल्या लोकांनी दक्षिणेत जाऊन वसवलेल्या मीटिंगला तेच नाव दिलं, पुढे इंडियानाच्या वेन काउंटीतही ते गेलं. मुळात पेनसिल्व्हेनियातल्यांनी ते आयर्लंडच्या कार्लो काउंटीतून आणलेलं. नुसतं ‘न्यू गार्डन’ वाचलं की राज्य आणि साल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चेस्टर काउंटी हिनशॉच्या खंडांत नाही, तिथे थेट इतिवृत्तांकडे वळावं लागतं. ती स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन कॉलेजांच्या संग्रहांत आहेत. १८२७ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकरांत फूट पडून हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे दोन गट झाले, हिक्साइटांचं दप्तर मुख्यतः स्वार्थमोरकडे आलं, ऑर्थोडॉक्सांचं हॅव्हरफर्डकडे. आमची मंडळी त्याआधीच गेलेली, म्हणून माझी त्या भानगडीतून सुटका झाली. तिथे लग्नाचा दाखला मिळाला. क्वेकरांत लग्न लावणारा कुणी नसतो. सभेत दोघं उभं राहून वचन देतात आणि हजर असलेले सगळे साक्षीला सह्या करतात. नवरा-नवरीच्या नावाखाली सहसा जवळची माणसं असतात. त्या एका रकान्यातून मला मुलीचे आईबाप, दोन भाऊ आणि एक विवाहित बहीण मिळाली.

मग वेस्ट चेस्टरला काउंटीच्या दप्तरखान्यात पहिल्या स्थलांतरिताचे, म्हणजे या मुलीच्या आजोबांचे, कागद बघितले. १७५०च्या दशकातली मालमत्तेची यादी. अंगावरचे कपडे आणि थैलीतली रोकड, पिसांची गादी, प्यूटरची (कथलाच्या मिश्रधातूची) ताटं, दोन चरखे, घोडी, गाई, शेतात उभा गहू. गाई आणि गव्हाच्या मध्ये एक निग्रो मुलगी, नावासकट, पुढे पौंडांत किंमत.

मी सासूबाईंना फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. क्वेकर म्हणजे गुलामगिरीचे विरोधक, हे ऐकतच त्या वाढलेल्या. ते खोटं नाही, पण तिथवर पोचायला वेळ लागला. जर्मनटाउनच्या चार जणांनी १६८८ सालीच लेखी निषेध केला होता, तो बाजूला ठेवला गेला. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कामकाजातून वगळायचं फिलाडेल्फियाच्या यर्ली मीटिंगने, म्हणजे त्या भागातल्या मंथली मीटिंगांच्या वार्षिक सभेने, १७५८ साली ठरवलं, आणि गुलाम मुक्त न करणाऱ्याचं सभासदत्वच काढायचं, हे १७७६ साली. ‘कागद पाठव,’ सासूबाई शेवटी म्हणाल्या, ‘आणि ती मुलगीही आपल्या वहीत लिही.’ मुक्तिपत्रांच्या नकला मीटिंगने ठेवल्या आहेत. त्यांत मागे राहिलेल्या एका नातवाने तिच्याच नावाच्या, वयाने जुळणाऱ्या एका बाईला मुक्त केल्याचं पत्र आहे. ती हीच, असं मी नुसत्या नावावरून म्हणणार नाही. दोन्ही नोंदी शेजारी लिहिल्या आहेत, मध्ये प्रश्नचिन्ह ठेवून.

या घराण्याच्या कौतुकाच्या कागदांनी मला काहीच दिलं नाही. टाइप केलेला तो कागद कुणा अभिमानी वंशजाने बनवला होता. मीटिंगच्या वह्या लिहिणाऱ्यांना घराण्याचा अभिमान नव्हता, आपल्या माणसांची जबाबदारी होती. म्हणून न शोभणारंही त्यात राहिलं. माहेरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. लेकींच्या पुढच्या पिढ्या त्यात याव्यात म्हणून मी संपादक काकांना पत्र लिहिलं आहे, आणि माझ्या आत्यांची मुलं-नातवंडं यादी करून जोडली आहेत.

पहिला माणूस ‘वेलकम’वरचा नव्हताच. कार्लोच्या मीटिंगचा दाखला घेऊन तो १७२०च्या आसपास आला. १९२२ साली डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला तेव्हा आयर्लंडच्या असंख्य घराण्यांचे कागद गेले, पण क्वेकरांनी आपल्या वह्या स्वतःकडेच ठेवल्या होत्या. त्यांत याचा जन्म सापडला, आईबाप दोघांच्या नावांनिशी. बाप इंग्लंडातून आलेला. तिथल्या क्वेकरांच्या जुन्या वह्या १८३७नंतर सरकारजमा झाल्या आणि आता लंडनजवळ क्यू इथे आहेत. तिथे मी आईपासून सुरुवात करणार आहे.