डबल बेल : आता प्रवासी बोलतात

वाई ते महाबळेश्वर ही फेरी आता सलग खेळता येते, मध्येच गेम बंद पडत नाही. नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘डबल बेल’ हा एसटीच्या कंडक्टरचा छोटा टूडी गेम आहे. गोडॉट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय, रात्रीची जेवणं आटोपली की. पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं काढायची, सुट्टे सांभाळायचे आणि बेल मारायची, एवढंच. मागच्या नोंदीपर्यंत नुसतं तिकिटाचं मशीन चालत होतं. यावेळचं सगळं काम प्रवाशांच्या तोंडावर झालंय.

असला गेम म्हटला की ‘पेपर्स, प्लीज’ आठवणारच. लुकास पोपनं २०१३ मध्ये काढलेला. सरहद्दीवरच्या चौकीत बसून लोकांची कागदपत्रं तपासायची, नियम दिवसागणिक वाढणार, आणि जितकी माणसं हातावेगळी कराल तितके पैसे. एसटीत तर नियम आयतेच मिळतात. ५ वर्षांखालचं मूल फुकट, ५ ते १२ हाफ. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. दर फेरीला एकेक नियम उघडत गेला की काठिण्य आपोआप वाढतं.

पण दोन्हींत एक मोठा फरक आहे, आणि सगळा गेम त्याच्यावरच उभा राहणार असं मला आता वाटायला लागलंय. चौकीवर खरं-खोटं कागदावर ठरतं. माणूस काहीही बरळो, तारीख जुळली नाही की शिक्का लाल. एसटीत ज्येष्ठांचं आधार कार्ड सोडलं तर कागद असतोच कुठे? मांडीवरच्या पोराचं वय विचारलं की आई म्हणते, ‘चारचं आहे हो.’ जन्मदाखला कुणी मागत नाही. कंडक्टरकडे असतात फक्त कान, आणि माणसं बघून बघून तयार झालेली नजर. मग माहिती ठेवायची ती गप्पांतच.

म्हणून आता प्रवासी आपापसात बोलतात. ‘चारचं आहे’ म्हणणाऱ्या बाईंच्या मागच्या सीटवरून कुणी लाडानं विचारतं, ‘काय रे, कितवीत?’ आणि तो पठ्ठ्या छाती काढून सांगतो, ‘दुसरीत!’ पाचगणीपर्यंतचं तिकीट काढून बसलेला तरुण फोनवर म्हणत असतो, ‘महाबळेश्वरला उतरलो की करतो फोन.’ हे ऐकलं तर तुम्हाला कळणार. नाही ऐकलं तर पाचगणी सुटल्यावर तपासणीवाले चढतात तेव्हा कळणार.

अडचण अशी की ऐकायला वेळ लागतो. आधीच्या आवृत्तीत बोलण्याच्या फुग्यावर माऊस नेला की घड्याळ थांबायचं, म्हणजे निवांत वाचता यावं. ती आवृत्ती आईला खेळायला दिली. तिनं उभी हयात एसटीत काढली आहे, गेम मात्र कधी खेळलेली नाही. तिनं तिकिटं बाजूला ठेवली आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांच्या गप्पा वाचून काढल्या. शेवटी म्हणाली, ‘अरे, त्या लग्नाचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीस.’ तिकिटं किती राहिली विचारलं तर म्हणे, ‘घेतील की उतरताना.’

तिचा रस कुठे आहे हे बघून घड्याळ थांबवणं मी काढून टाकलं. ऐकणं फुकट असेल तर ते नुसतं वाचन होतं. आता गाडी धावत राहते, फुगे थोडा वेळ दिसून विरतात, आणि कंडक्टर ज्या सीटपाशी उभा असेल तिथलंच बोलणं पूर्ण वाचता येतं. लांबच्यांचे सुटे शब्द दिसतात. पुढे जाऊन तिकीट काढायचं की इथेच रेंगाळून ऐकायचं, हा निर्णय क्षणोक्षणी घ्यावा लागतो. आईनं विचारलेली त्या लग्नाची गोष्ट तुकड्यातुकड्यांत पुढच्या फेऱ्यांमध्ये चालू ठेवली आहे. तीच दोन माणसं, तीच मागची सीट.

आता थोडं तांत्रिक. देवनागरीत टाइप होत जाणारा मजकूर दाखवायचा असेल त्यांनी हे वाचाच. गोडॉटच्या तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरं धड जुळत नसत. मार्च २०२३ मध्ये चौथी आली, अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी आली आणि तो प्रश्न मिटला. पण अक्षरं एकेक करून दाखवताना लेबल, म्हणजे गोडॉटमधला मजकूर दाखवणारा घटक, मूळ सेटिंगमध्ये आधी मजकूर कापतं आणि मग जुळवतं. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. आपल्याला अक्षरं दिसतात ३, युनिकोडमध्ये आहेत ८. त्यामुळे आधी क, मग पाय मोडका क्, मग क्ष, अशी पडद्यावर नुसती फडफड. ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेवियर’ या सेटिंगमध्ये जुळणीनंतर कापण्याचा पर्याय निवडला की अख्खं जोडाक्षर एकदम उमटतं. वेग मात्र किंचित अडखळतो, कारण मोजणी युनिकोडचीच राहते. ते मला आवडलं, माणूस बोलताना अडखळतोच.

चित्रं ६४० बाय ३६० ची आहेत, म्हणजे फुल एचडीवर बरोब्बर तिप्पट होतात. त्या मापात देवनागरी बसवणं म्हणजे स्वतःचा छळ. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये शिरोरेषा, ८ पिक्सेलमध्ये काय काय कोंबणार? म्हणून स्ट्रेच मोड, म्हणजे चित्र पडद्याएवढं ताणायचं सेटिंग, ‘कॅनव्हास आयटम्स’ केला आणि मजकूर पूर्ण रिझोल्यूशनवर काढतो. फाँट ‘मुक्त’, ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, खुल्या परवान्याचा. पिक्सेलवाल्या चित्रांवर गुळगुळीत अक्षर चालणार नाही असं शुद्धतावादी म्हणतील. म्हणोत बापडे. त्यांनी एकदा ‘तिकिटाव्यतिरिक्त’ ८ पिक्सेलमध्ये लिहून दाखवावं.

बेलचं कोडं मला सगळ्यांत जास्त आवडलं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. स्पेसबार एकदा दाबला की ती एकेरी आहे की दुहेरीतली पहिली, हे कसं ओळखायचं? ०.३ सेकंद वाट बघितली तर बेल उशिरा वाजते आणि बटण मेल्यासारखं वाटतं. ‘सेलेस्ट’ हा उड्या मारायचा गेम खेळला असेल त्यांना आठवेल, कडा सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारता येते, आणि खेळणाऱ्याला ती सूट दिलेली कळतही नाही. तसंच काहीतरी हवं होतं. मग लक्षात आलं की मध्ये ड्रायव्हर आहे! आता बेल दाबताक्षणी वाजते, पण ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे ०.३ सेकंदानं जातो. तेवढ्यात दुसरी बेल आली तर तो ब्रेक विसरून गिअर टाकतो. गोडॉटमध्ये भौतिकीचे, म्हणजे हालचालींच्या हिशोबाचे, ठोके सेकंदाला ६०, म्हणजे हा सगळा खेळ १८ ठोक्यांचा. बघणाऱ्याला तो ड्रायव्हरचा स्वभाव वाटतो.

पसरणी घाटात वळणावर माऊसचा बाण आपोआप एका बाजूला सरकतो. एका मित्राला खेळताना मळमळलं, इतकं जमलंय. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय दिली आहे. त्याच घाटात गेममधलं नेटवर्क जातं, यूपीआय अडकतं आणि सगळे एकदम ५०० ची नोट काढतात.

सुट्टे नसतील तर कंडक्टर करतो तेच करायचं, तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची. बटण एकच आहे, पण परिणाम लांबवर जातात. बाकीवाल्यांना उतरण्याआधी पैसे मिळाले नाहीत तर ते दारात अडून बसतात, मागची रांग खोळंबते, ड्रायव्हर हॉर्न मारतो. काही जण बाकी विसरून उतरतात. तेव्हा हाक मारायची की नाही, हे खेळाडूवर सोडलंय. गुण कशालाच नाहीत. घरात यावरून वाद झाला. बायको म्हणते, हाक मारली तर काहीतरी मिळायला हवं, निदान एक ‘देव भलं करो’ तरी. मला वाटतं, बक्षीस दिलं की लोक बक्षिसासाठी हाक मारतील. सध्या माझं चाललंय, पण ती माझ्यापेक्षा जास्त गेम खेळते, त्यामुळे फार काळ चालेलसं वाटत नाही.

पुढची फेरी कोल्हापूर ते निपाणी. कागल सुटलं की राज्याची हद्द, आणि बायकांची सवलत हद्दीपर्यंतच. म्हणजे एकाच तिकिटात अर्धं भाडं आणि पूर्ण भाडं, आणि ते समजावून सांगेपर्यंत दोन थांबे मागे पडलेले. भांडणाचे संवाद अर्धे लिहून झालेत. मराठी-कानडी मिसळलेलं बोलणं मला कानानं कळतं, लिहिता येत नाही. सीमाभागातलं कुणी असेल तर वाचून दुरुस्त करून द्या.

शिवाय टचपॅडवर खेळून बघणारी माणसं हवी आहेत. घाटातलं सरकणं माऊसवर बसवलंय, टचपॅडवर बाण थेट खिडकीबाहेर जातो असा संशय आहे. लिनक्स आणि विंडोज दोन्हींच्या फाइल तयार आहेत, कुठली हवी ते सांगा.