आमची वाटचाल : दोन्ही बाजूंना साडेसात सेंटिमीटर

बोटीची रुंदी 5.05 मीटर, लॉकची 5.20. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट कालव्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात. बोट नेमकी मधोमध घातली तर दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंटिमीटर उरतात. 1879 मध्ये फ्रेसिने या मंत्र्याने फ्रान्सच्या कालव्यांना हे माप लावून दिलं, आणि आमचा धंदा आजही त्याच मापात बसतो. पोस्टरवर वाइनचा ग्लास असतो, पाहुणेही त्यासाठीच येतात. पण बरगंडी कालव्यावर हॉटेल-बोट चालवणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे हे साडेसात सेंटिमीटर आणि तळाखालचं पाणी.

कालवा 242 किलोमीटरचा, 189 लॉकचा. मिजेनला योन नदीपासून निघतो, सँ-जाँ-द-लोनला सोन नदीला मिळतो. मध्ये पुयी-आँ-ओस्वाला माथा, 378 मीटरवर, आणि तिथे डोंगराखालून 3.3 किलोमीटरचा बोगदा. 1966 मध्ये 'पालिनुरस' नावाच्या बोटीवर पाहुणे न्यायला सुरुवात झाली, तिथून या धंद्याची गणना होते. आम्ही फार उशिरा आलो. मूळचे नाशिककडचे असल्याने द्राक्ष नवं नव्हतं आणि कालव्याचं आवर्तन म्हणजे काय हेही कुणी शिकवावं लागलं नाही.

बोट घेतली ती धान्य वाहणारी जुनी पेनिश, 38.5 मीटरची. विकणारे आजोबा आयुष्यभर त्याच बोटीवर राहिलेले. पहिली दोन वर्षं तेच आमचे भागीदार होते. पैशाने कमी, हाताने जास्त. त्यांनी दिलेला बांबू अजून सुकाणूघरात आहे. त्यावर दोन रंगीत कडी आहेत : 1.20 मीटरला पांढरं, म्हणजे आमच्या बोटीचा तळ पाण्यात तेवढा खोल जातो, आणि 1.40 ला लाल. मुक्कामाला काठ धरण्याआधी पुढे एकदा, मागे एकदा बांबू टेकवायचा. पाणी लाल कड्याला शिवत नसेल तर पुढचा काठ बघायचा. बोटीवर खोली मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्रही आहे. ते गवतालाच तळ समजतं.

नव्याने उतरणाऱ्यांसाठी लॉकबद्दल थोडं. विचारलं नसलं तरी सांगतो, कारण दर मोसमात कुणीतरी तीच चूक करतं. बोट लॉकमध्ये शिरते तेव्हा पिचकारीच्या दट्ट्यासारखी पाणी ढकलते आणि त्या पाण्याला निघायला जागा नसते. तिथे इंजिनचा जोर वाढवला तर बोट पुढे जाण्याऐवजी मागून खाली बसते. तेव्हा हळू शिरा आणि थांबून राहा. उतरताना दोराला गाठ कधीही मारायची नाही : बोलार्डला, म्हणजे काठावरच्या खुंटाला, एक वेढा, टोक हातात, पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचा. गाठ बसली तर बोट दोरावर लटकते, मग एक तर दोर तुटतो किंवा बोलार्ड उखडतो. मागच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. आमच्या लांबीच्या बोटीला सुकाणू पूर्ण एका अंगाला वळवून ठेवावं लागतं, नाहीतर दार लागत नाही किंवा पाणी उतरल्यावर सुकाणू उंबरठ्यावर टेकतं.

एका लॉकचा हिशेब : 39 मीटर लांब, 5.2 रुंद, सोनच्या बाजूला सरासरी अडीच-पावणेतीन मीटर उतार. म्हणजे एका वेळी पाच लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं. ते येतं माथ्याजवळच्या पाँतिए, ग्रोब्वा, सेर्से अशा तलावांतून. तलाव आटले की वाइन कितीही उत्तम असली तरी काही चालत नाही.

सुरुवातीची काही वर्षं ठीक गेली.

मग 2022 चा उन्हाळा आला. आधी लॉकसाठी बोटी जोडीने सोडायला लागले, मग वेळा कमी झाल्या, मग माथ्याकडचा पट्टा बंद. आमची बोट वरच्याच अंगाला होती. खाली निसटण्यासाठी शक्य ते सगळं केलं. आमच्या आकाराच्या बोटीला एक सेंटिमीटर वर उचलायचं तर पावणेदोन टन वजन उतरवावं लागतं. एरवी वजन कमी करता येत नाही, कारण बोट उचलली की छत पुलाला लागतं. पण कालव्याचं पाणी उतरलं की पुलाखालची जागाही तेवढीच वाढते. म्हणून गोड्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. नऊ टन गेले, पाच सेंटिमीटर मिळाले. हवे होते वीस. दोन लॉकमधल्या आखूड पट्ट्यात एका रात्री गळक्या दारांतून पाणी गेलं आणि बोट सकाळी एका कुशीवर कललेली. दोर सैल होते म्हणून वाचलो.

पाहुण्यांचे पैसे परत करायचे ठरवलं, आणि सगळे केले. बँकेत पुढच्या दोन महिन्यांच्या पगारापुरतंही उरलं नाही.

शेजारच्या एका मोठ्या कंपनीने, नाव घेत नाही, बोट धक्क्याला बांधून ठेवली आणि सहा रात्री तिथेच पाहुणे ठेवले. मिनीबसने फिरवून आणायचे, रात्री जेवण. पावतीवर 'क्रूझ'. वर आमच्या पाहुण्यांना सवलतीची पत्रं. जाहिरातीत कालव्याच्या काठाला लागून द्राक्षमळे दाखवतात. पण कालवा जातो त्या उश नदीच्या खोऱ्यात काठाला कुरणं आणि पांढऱ्या शारोले गाई आहेत. जव्रे-शाँबेर्ताँ, वूजो, न्वी-सँ-जॉर्ज हे मळे टेकडीपलीकडे, गाडीनेच जावं लागतं. आम्ही हे बुकिंगच्या वेळीच सांगतो. त्यात काही बुकिंगं जातात.

ब्रसेल्सचे एक निवृत्त दंतवैद्य दर सप्टेंबरला येतात. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत. उलट दोन दिवस येऊन बांबूने काठ मोजत बसले आणि वहीत आकडे लिहून दिले. त्या वहीवरून आमची मुक्कामाची ठिकाणं बदलली : आता आखूड पट्ट्यात रात्र काढायची नाही.

दुसरा बदल गाळण्यांचा. उन्हाळ्यात पाण्यात गवताचे जाड गालिचे वाढतात. इंजिन थंड ठेवणारं पाणी तळालगतच्या बंद नळ्यांतून फिरतं, त्याला काही होत नाही. एसी मात्र कालव्याचंच पाणी ओढतो, आणि तो बंद पडला की पाहुण्यांना ग्रां क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची वाइन, सुद्धा आंबट लागते. आता दोन गाळण्या शेजारी-शेजारी, मध्ये झडप : एक चालू, दुसरी साफ. गवताच्या दिवसांत दर दोन तासांनी अदलाबदल.

वाइन आम्ही तळात, पाणपातळीच्या खाली ठेवतो. मे महिन्यात तिथला गारवा तळघरासारखा असतो, ऑगस्टमध्ये कालव्याचं पाणीच कोमट होतं, मग चांगल्या बाटल्या फ्रिजमध्ये. जुनी रेड आदल्या रात्री उभी करून ठेवायची आणि ज्या दिवशी लॉक कमी त्याच दिवशी उघडायची. लॉकच्या भिंतीला एक धक्का बसला तरी बाटलीतला गाळ पुन्हा वर येतो.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना एवढंच : मे-जून किंवा सप्टेंबर धरा, चाकाची मोठी बॅग आणू नका, शाकाहार महिनाभर आधी कळवा. हिंग आमच्याकडे आहे.

या हिवाळ्यात बोट सँ-जाँ-द-लोनला सुक्या गोदीत जाईल. पत्र्याची जाडी यंत्राने मोजतील. चार मिलिमीटरच्या खाली आली की विमावाले तोंड फिरवतात. मागच्या खेपेला डाव्या अंगाला, पाणरेषेलगत, लॉकच्या भिंतीला घासणारा पट्टा साडेचारवर होता. त्यावर नवा पत्रा चढवायचा की जुना कापून बदलायचा, एवढं ठरायचं आहे. चढवला तर टन वाढतात, आणि टन म्हणजे परत सेंटिमीटर. बहुतेक कापू.