गुडघ्याला बाशिंग

कुंडीत काय लावावं असं कुणी विचारलं, की लोक पुदिना सुचवतात, मिरची सुचवतात, फार तर टोमॅटोपर्यंत जातात. झुकिनीचं नाव सहसा कुणी घेत नाही. त्यांचंही बरोबरच आहे. भोपळ्याच्या कुळातली ही बाई वेलीसारखी धावत नसली, तरी बसल्या जागी मीटरभर ऐसपैस पसरते. कुंडी निदान 40 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल हवी, आणि तीत रोप एकच. दोन बिया उगवल्या तर त्यातलं एक रोप कापावंच लागतं. तिथे माया कामाची नाही.

एरवी कुंडीतली बाग म्हणजे वाट पाहण्याचा छंद. झुकिनीला मात्र कमालीची घाई. आठवड्याभरात अंकुर, मग जाडजूड पानं, आणि दीड-दोन महिन्यांत फळ. पानांचे देठ आतून पोकळ आणि बाहेरून खरखरीत, बारीक काट्यांचे. उघड्या हाताने चाचपलं तर मनगटाला खाज सुटते. काही जातींच्या पानांवर शिरांच्या कडेने चंदेरी नक्षी असते. ती पाहून नवखा माणूस रोग पडला म्हणून घाबरतो. बोट फिरवून बघावं. पांढरी पूड बोटाला लागली तर भुरी हा बुरशीचा रोग, नाही लागली तर ते तिचं रूपच आहे.

खरी गंमत फुलांची. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि बहुधा नरच आधी उगवतात. मादीचा पत्ता नाही, आणि हे पिवळेधमक उतावळे नवरे गुडघ्याला बाशिंग बांधून ओळीने तयार! सकाळी उमलायचं, उन्हं चढली की मिटायचं, एका दिवसात खेळ खलास. यथावकाश मादी फूल येतं. ते ओळखणं सोपं, कारण फुलाच्या मागे करंगळीएवढी झुकिनी आधीच लागलेली असते. नराच्या मागे नुसता सडपातळ देठ.

यांचे परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी हवी. उंचावरच्या बाल्कनीत ती फिरकेलच असं नाही. मग ते काम आपल्याकडे. सकाळी लवकर नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, उरलेला पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचा. साधलं की नाही हे दोन-चार दिवसांत कळतं. नसेल साधलं, तर ते करंगळीएवढं फळ टोकाकडून पिवळं पडत सुकतं किंवा कुजतं. (टोक काळपट होऊन बसलं तर मात्र पाण्याची आबाळ झाली असावी. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही. ते जमिनीतल्या झाडापेक्षा कुंडीतल्याला जास्त सोसावं लागतं.) भर दुपारी पानं माना टाकतात, तेव्हाही लगेच झारी घेऊन धावू नये. आधी मातीत बोट घालावं. ओल असेल तर संध्याकाळी ती आपोआप ताठ होतात.

फळ धरलं की घाई पुन्हा अंगात येते. वीतभर, म्हणजे 15 ते 20 सेंटीमीटरची झाली की कापायची. तेव्हा ती कोवळी, बिया नावापुरत्या. दोन दिवस गावाला जाऊन आलं, की पानांखाली दडलेला सोटा सापडतो: साल निबर, आत बियांची गर्दी. आणि ते फळ झाडावर राहिलं की नवीन फुलांचा जोर ओसरतो.

एकाच झाडावर नर आणि मादी एकाच सकाळी उमलतील याची खात्री नसते, म्हणून जाणकार दोन कुंड्या ठेवायला सांगतात. सल्ला अगदी योग्य. फक्त दोन्ही झाडं फळांवर आली की शेजाऱ्यांशी संबंध चांगले असावे लागतात.