सगळे भिंतीच्या एकाच बाजूला

सोमवार

जुन्या रॉक कॉन्सर्टचा विषय निघाला की लोक आधी आवाजाच्या दणक्याबद्दल बोलतात. दणका आजही आहे, आणि खरं सांगायचं तर आजचा जास्त स्वच्छ आहे. गेली ती वेगळीच गोष्ट. एके काळी स्टेजवरचा माणूस आणि मैदानातला माणूस एकच आवाज ऐकत होते. हे फार थोडे महिने जमलं आणि भलतंच महाग पडलं. ते समजून घ्यायचं तर ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या बँडने १९७४ साली उभारलेल्या ध्वनियंत्रणेकडे जावं लागतं.

त्याआधी काय होतं? १५ ऑगस्ट १९६५ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५,६०० लोकांसमोर उभे राहिले. गिटारसाठी व्हॉक्सचे खास बनवून घेतलेले १०० वॅटचे अँप्लिफायर, आणि गळ्यांसाठी स्टेडियमचे स्वतःचे लाउडस्पीकर. स्टेजवर मॉनिटर नाहीत, म्हणजे गायकाला स्वतःचं गाणं परत ऐकू येण्याची सोय नाही. किंकाळ्यांच्या कल्लोळात चौघांना एकमेकांचं वाजवणं धड कळत नव्हतं. पुढच्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरेच थांबवले. कारणं बरीच होती, त्यातलं हे एक.

पुढे मॉनिटर आले आणि गायकाची सोय झाली. पण एका कॉन्सर्टचे दोन आवाज झाले, एक स्टेजवरचा आणि एक लोकांचा. मधे मिक्सरवर इंजिनिअर बसलेला. तो लोकांना काय ऐकवतोय, हे वाजवणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता.

मंगळवार

या यंत्रणेला ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणतात. कल्पना आउझ्ली स्टॅन्लीची, म्हणजे सगळ्यांच्या ‘बेअर’ची. (हा गृहस्थ एलएसडी बनवण्यासाठी जास्त प्रसिद्ध आहे. त्याचं आवाजावरचं काम त्यामुळे झाकलं गेलं, हा अन्यायच.) जोडीला अलेंबिक या वाद्यं आणि ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या कंपनीतले रॉन विकरशॅम आणि रिक टर्नर, आणि बँडचा इंजिनिअर डॅन हीली.

नेहमीच्या यंत्रणेत सगळी वाद्यं आणि सगळे गळे एका मिक्समध्ये कालवून त्याच त्या स्पीकरांतून बाहेर सोडतात. स्पीकरच्या एकाच शंकूला बेस आणि गाणं दोन्ही हलवायला लावलं की एकाची थरथर दुसऱ्यात मिसळते आणि मुळात कुणी न वाजवलेले सूर तयार होतात. याला इंटरमॉड्युलेशन डिस्टॉर्शन म्हणतात. बेअरचा तोडगा असा की एका स्पीकरने एकाचंच काम करायचं. जेरी गार्सियाच्या गिटारचे स्पीकर वेगळे, बॉब वीअरचे वेगळे, पियानोचे, ड्रम्सचे, गळ्यांचे वेगळे. फिल लेशच्या बेसच्या चार तारांना तर प्रत्येकी स्वतंत्र चॅनेल आणि स्वतंत्र स्पीकर.

हिशेब असा: ५८६ जेबीएल स्पीकर, ५४ इलेक्ट्रोव्हॉइस ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर), आणि मॅकिन्टॉशचे एमसी-२३०० जातीचे ४८ अँप्लिफायर, प्रत्येकी ६०० वॅट. एकूण २८,८०० वॅट. आजच्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये याच्या कितीतरी पट वॅट असतात, तेव्हा आकडा ऐकून कुणी हबकणार नाही. पाहण्यासारखी आहे ती मांडणी. स्पीकर एकावर एक रचून उंच खांब केले की आवाज वर-खाली सांडत नाही, पुढे जातो. सुट्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. खांबाचा एका ठरावीक टप्प्यापर्यंत ३ डेसिबलनेच पडतो. त्यामुळे पहिल्या रांगेतल्याचे कान न फोडता मागच्यापर्यंत पोहोचता येतं. सुमारे १८० मीटरपर्यंत आवाज उत्तम लागायचा, ४०० मीटरपर्यंत चालण्यासारखा. त्यापुढे वारा त्याला ओढून न्यायचा.

आणि ही सगळी भिंत बँडच्या मागे. मॉनिटर नाहीत, पुढे मिक्स करणारा कुणी नाही. प्रत्येकाने आपला आवाज आपणच स्टेजवरून कमी-जास्त करायचा आणि इतरांचं ऐकून आपली जागा ठरवायची. मागच्या रांगेतल्या पोराला गिटार जेवढी मोठी, त्याच प्रमाणात गार्सियालाही.

मग शिट्टी का वाजत नव्हती? एवढ्या स्पीकरांसमोर माइक उघडा ठेवला तर फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकात शिरून होणारी शिट्टी, ठरलेला. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक गायकासमोर एकसारखे दोन माइक, एकाखाली एक, ६० मिलिमीटर अंतरावर, उलट फेजमध्ये जोडलेले. गायचं फक्त वरच्यात, ओठ जवळजवळ टेकवून. भिंतीचा आवाज दोन्ही माइकांत सारखाच शिरतो आणि उलट जोडणीमुळे वजा होतो. गळा वरच्याच माइकात जास्त असल्याने तो उरतो. यात बिघडतं ते इथे की गायक जरा मागे सरला की गळाही दोन्हींत सारखा पोहोचायला लागतो आणि पहिल्यांदा खालचे सूर कापले जातात. म्हणून १९७४च्या कितीतरी टेपांवर वाद्यं भरदार आणि गळे मात्र पातळ, थोडे नाकातले लागतात. टेप खराब असल्याचं समजून लोक बास वाढवत बसतात. मुळात जे माइकातून आत गेलंच नाही ते नॉब फिरवून येत नाही.

प्रयोगाची सुरुवातही काही शुभ नव्हती. ९ फेब्रुवारी १९७३ला स्टॅनफर्डच्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये प्राथमिक अवतार लावला, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला चाचणीचा सळसळाट) सोडून सगळं काळजीने जुळवलं, आणि पहिलं गाणं सुरू होताच ट्वीटर जळून गेले. पूर्ण भिंत उभी राहिली ती २३ मार्च १९७४ला, सॅन फ्रान्सिस्कोलगतच्या काउ पॅलेसमध्ये.

वजन ७५ टन. चार ट्रेलर, २१ माणसं. उभारणीला एवढा वेळ लागे की मचाणांचे दोन संच ठेवावे लागले. एका गावात कॉन्सर्ट चालू असताना दुसरा संच पुढच्या गावात उभा राहत असे. त्यात १९७३च्या तेलसंकटाने डिझेल महागलेलं. ऑक्टोबर १९७४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात पाच रात्री झाल्या आणि भिंत कायमची उतरवली. त्यातल्या शेवटच्या रात्री ड्रमर मिकी हार्ट बँडमध्ये परतला. अल्लारखांकडून तालाचे धडे घेतलेला हा माणूस कॅलिफोर्नियात आपल्या माहीमच्या झाकिर हुसेनबरोबर ‘डिगा ऱ्हिदम बँड’मध्येही रमला. त्यांची तबकडी १९७६ची.

गंमत अशी की याच बँडने १९९०च्या दशकात कानात घालायचे मॉनिटर स्वीकारले. कान वाचतात, सूर पक्का राहतो, स्टेज शांत राहतं. सगळे फायदे खरे आहेत. पण प्रत्येकाच्या कानात त्याचं त्याचं खासगी मिक्स, आणि लोकांसमोर तिसरंच. आजची लाइन अरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांची माळ, हे बेअरच्या खांबांचंच शास्त्रशुद्ध रूप. फक्त ती पुढे टांगलेली असते, वाजवणारे तिच्या मागे.

बुधवार

दिव्यांबद्दल थोडं. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या रॉकच्या नाट्यगृहात (मार्च १९६८ ते जून १९७१) ‘जोशुआ लाइट शो’ हा गट बँडच्या मागच्या पडद्यावर पाठीमागून रंग टाकत असे. त्यातल्या द्रवांच्या खेळाला लागणारं सामान अगदी साधं: ओव्हरहेड प्रोजेक्टर, घड्याळाच्या दोन बाकदार काचा, तेलात विरघळणारा रंग घातलेलं मिनरल ऑइल, आणि खाण्याचा रंग घातलेलं पाणी. खालच्या काचेत दोन्ही ओतायचं आणि वरची काच तालावर दाबायची. तेल-पाणी मिसळत नाही, म्हणून रंगांच्या कडा शाबूत राहतात. फार जोरात घुसळलं किंवा तीन-चार रंग एकदम ओतले की सगळ्याचा मातकट चिखल होतो. दिव्याच्या उष्णतेने बुडबुडे येतात, ते हवेच असतात. पण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते.

आजचा एलईडीचा पडदा आधीच भरून ठेवलेला कार्यक्रम दाखवतो. ड्रमरने एक मात्रा रोखून धरली तर काच दाबणारा हात थांबायचा.

गुरुवार

भिंत गेली, तरी तिचा आवाज आपल्यापर्यंत आला तो टेपांमुळे. काही बँडच्याच माणसांनी थेट यंत्रणेतून भरल्या, काही श्रोत्यांनी. ग्रेटफुल डेडने प्रेक्षकांना ध्वनिमुद्रण करू दिलं, अट एकच होती की विकायचं नाही. १९८०च्या सुमाराला मिक्सरपुढे माइकस्टँडचं असं रान माजायला लागलं की हीलीला स्टेज दिसेना. म्हणून २७ ऑक्टोबर १९८४ला बर्कलीत टेप करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे वेगळा विभाग ठरवून दिला.

या मंडळींची पद्धत नीट लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण ही खरोखर श्रोत्यांची कारागिरी होती. यंत्र बहुधा सोनीचं टीसी-डी५एम, दोन मोठ्या डी सेलवर चालणारं. सेल प्रत्येक कॉन्सर्टला नवे, कारण उतरलेल्या सेलचा भरवसा नाही. कॅसेट ९० मिनिटांची, क्रोम जातीची. १२० मिनिटांची कुणी घेत नसे. तिची फीत साधारण ९ मायक्रॉनची (९० मिनिटांचीची १२), ती ताणली जाते, अडकते, आणि गुंडाळीतल्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर भुतासारखा उमटतो.

माइक दोन, स्टँडवर लोकांच्या डोक्यांच्या वर, डाव्या-उजव्या स्पीकरांच्या बरोबर मध्यरेषेवर. दोघांत १७ सेंटिमीटर आणि ११० अंश ही फ्रेंच रेडिओची मांडणी जवळ बसल्यावर छान. लांब बसलं तर कोन कमी करायचा, नाहीतर स्टेजपेक्षा भिंतींचे पडसाद आणि शेजाऱ्याच्या गप्पाच जास्त भरल्या जातात. उघड्यावर स्पंजच्या टोप्या हव्यातच. लेव्हल पहिल्या गाण्यातच ठरवायची, पण वर जागा ठेवून, कारण दुसरा भाग नेहमी चढतो. लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) बंद.

कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटं चालते. उलटायची कधी? गाण्यांच्या मधे गिटारी लावून घेत असताना. दुसऱ्या भागात बहुतेक मधोमध फक्त ड्रम्सचा तुकडा यायचा, तेव्हा हात तयार ठेवायचा. बाजू संपायची वाट पाहणारा फसला, कारण यांचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं.

मग प्रती. मूळ टेपची प्रत पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी. प्रत्येक पिढीत सळसळ वाढते आणि वरचे सूर झिजतात. दोन यंत्रांच्या हेडचा, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळत नसेल तर झांजा पहिल्याच प्रतीत मंदावतात. घाईने दुप्पट वेगात प्रत काढायची नाही. डॉल्बी (टेपची सळसळ कमी करणारी सोय) एका यंत्रावर चालू नि दुसऱ्यावर बंद, असं कधीच नाही. नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा भरून द्यायचा. पैशांचा व्यवहार नाही. आपल्याकडे खासगी मैफलींची रेकॉर्डिंग जपणाऱ्या संग्राहकांना हा शिष्टाचार समजावून सांगायला नको.

आज हजारो फोन वर असतात. फोनचा माइक जवळच्या बोलण्यासाठी केलेला. तो बेसने गुदमरतो, आणि आपोआप लेव्हल खाली-वर करून दणका आणि शांतता सारखीच सपाट करून टाकतो.

शुक्रवार

सगळंच चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांनी ३ डिसेंबर १९७९ आठवावा. सिनसिनाटीत ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या कॉन्सर्टला बहुतेक तिकिटांवर आसनक्रमांक नव्हते, जो आधी आत जाईल त्याची जागा. बाहेर गर्दी तुंबलेली आणि दारं उघडली मोजकीच. अकरा जण गुदमरून गेले. क्रमांकाच्या खुर्च्या आणि लोखंडी अडसर लावल्याबद्दल तक्रार करताना हे विसरू नये.

मुंबईची आठवण निघाली की धोबीतलावचं रंगभवन येतंच. मार्च १९८०मध्ये तिथे ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड वाजवून गेला, १९८६पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव. उघड्यावरचं नाट्यगृह आणि ऑगस्टचा महिना, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. शेजारी सेंट झेवियर्स, कामा आणि जी.टी. रुग्णालय. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरलं. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. माइक न लावलेला नुसता ड्रमसेटसुद्धा जवळून १०० च्या आसपास जातो. तेव्हा तिथल्या कॉन्सर्टसाठी तडजोडीला जागाच नव्हती, आणि रुग्णालयातल्या माणसाची बाजू खोटी होती असं मला म्हणवत नाही.

रविवार

जुन्या कॅसेटी संगणकावर चढवणाऱ्यांसाठी एक टीप, कारण ही चूक बरेच जण करतात. आधी हेडचा कोन त्या कॅसेटपुरता जुळवावा. दोन्ही चॅनेल मोनो करून ऐकायचं आणि झांजा सगळ्यात उजळ लागतील तिथे स्क्रू थांबवायचा. मग वेग. गाणं अर्धा सूर चढलेलं वाटलं तर कानावर भिस्त न ठेवता गाण्यांच्या मधल्या शांत जागेत विजेचा घूं-घूं शोधावा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. स्टेजवरच्या अँप्लिफायरचा हा घूं माइकात येतो. तो ६१ दिसला तर टेप जवळपास पावणेदोन टक्के जास्त वेगाने चाललीय.

आपल्याकडे भरलेल्या प्रतीत मात्र दोन घूं सापडू शकतात, कॉन्सर्टचा ६०चा आणि इथल्या यंत्राने नंतर घातलेला ५०चा. सवयीने ५० बरोबर केला तर शेवटच्या प्रतीनंतरचीच चूक सुटते, आधीच्या पिढ्यांची तशीच राहते. म्हणून जुळवायचा तो ६०चा, आणि तो जुळल्यावरच ५०चा गाळायचा.