पाचवीचं गणित आणि तलावपाळी

पाचवीच्या वर्षाला लोक उगाच हलकं समजतात, पण प्राथमिकचं हेच वर्ष सगळ्यात भारी असतं असं माझं ठाम मत झालंय. अपूर्णांक, दशांश, कोन, विभाजक-विभाज्य, परिमिती, क्षेत्रफळ आणि शेवटी बीजगणिताची पूर्वतयारी पण! त्यात आपल्याकडे बऱ्याच मराठी शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे पाचवीला शाळा नवी, मित्र नवे, प्रत्येक विषयाला वेगळे सर-मॅडम. एवढ्याशा पोरांनी किती सांभाळायचं?

आज संध्याकाळी लेकीला घेऊन ठाण्यात तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी गेलो. परिमिती आणि क्षेत्रफळात तिचा कायम घोळ, सूत्रं पाठ आहेत पण कुठलं कधी वापरायचं तेच कळत नाही. तलावाला कडेकडेने अख्खी फेरी मारली, गर्दीतून वाट काढत, आणि मग तीच म्हणाली, "बाबा, आपण चाललो ती परिमिती, आणि बोटी फिरतायत ते सगळं क्षेत्रफळ ना?" एवढा आनंद झाला की काय सांगू! घरी आल्यावर टेप घेऊन बसली, हॉलमधली एक लादी २ बाय २ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस फूट आणि परिमिती ८ फूट, हे वहीत आकृती काढून आईला समजावलं तिने.

सूत्र पाठ होणं वेगळं आणि असं कळणं वेगळं, शाळेत यासाठी वेळ मिळायलाच हवा.

आता दशांश. भाजीवाल्याच्या काट्यावर ०.२५० दिसलं की पाव किलो, इथूनच सुरुवात करणार आहोत.