जूनचा रकाना

मागच्या आठवड्यात शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, आमच्या शाळेचं नाव पडद्यावर लाल रंगात आलं. तिसरी, मराठी वाचन: मागल्या वर्षी 78 टक्के, यंदा 50 टक्के. पुढे एकच शब्द, ‘घसरण’. साहेब काही रागावले नाहीत, पुढच्या शाळेकडे वळले. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच शब्दाशी भांडत होते. तिथे बोलायला वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितेय.

आमची शाळा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून पट 38. माझी नोकरी 19 वर्षांची झाली, त्यातली 8 याच शाळेत.

आता त्या टक्क्यांच्या आत काय आहे ते बघा. मागल्या वर्षी तिसरीत 9 मुलं होती, त्यातली 7 परिच्छेद वाचत होती. झाले 78 टक्के. यंदा 6 मुलं, वाचणारी 3. झाले 50. सहाच्या वर्गात एक पोर म्हणजे जवळपास 17 टक्के! एखाद्याला त्या दिवशी ताप असला तरी आख्ख्या शाळेचा आकडा खाली येतो. शंभर पटाच्या शाळेला आणि आम्हाला एकाच तक्त्यात, एकाच रंगाने रंगवणं हे हिशेबालाच धरून नाही.

पण माझं खरं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात प्रत्येक मुलापुढे दोन रकाने: जूनमध्ये काय येत होतं, मार्चमध्ये काय येतं. मागल्या वर्षीच्या 9 मुलांपैकी 6 जण जूनमध्येच परिच्छेद वाचत होते. वर्षभरात मी त्यात एकाची भर घातली. यंदाच्या 6 मुलांपैकी 4 जणांना जूनमध्ये फक्त सुटी अक्षरं ओळखता येत होती, दोघांना तीही नाही. मार्चमध्ये 3 जण परिच्छेदावर, 2 जण शब्दांवर, एक अक्षरांवर. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात चांगलं वर्ष. आणि त्याच वर्षापुढे ‘घसरण’ लिहिलं गेलं.

शाळा मोजण्याच्या किती पद्धती मी पाहिल्या! 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. मग शाळा सिद्धी: 7 क्षेत्रं, 46 मानकं, आधी स्वतःच स्वतःला पातळी द्यायची, मग बाहेरून लोक येऊन तपासणार. गावोगाव शाळांच्या भिंतींवर ‘अ श्रेणी’ची पाटी लागली. आता पायाभूत आणि दोन संकलित चाचण्या आहेत, आणि त्यांचे गुण मोबाइलवर चॅटबॉटमध्ये भरायचे. वर जिल्ह्याची वेगळी श्रेणी असते, केंद्र सरकारची, 600 गुणांची. ‘दक्ष’ ते ‘आकांक्षी’ अशा नावांची.

या जिल्ह्याच्या श्रेणीत 600 पैकी 290 गुण ‘निष्पत्ती’ या गटाला आहेत, म्हणजे जवळपास निम्मे, आणि मुलांचं शिकणं त्यातच येतं. याउलट ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या राज्याच्या शाळा-स्पर्धेच्या 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात 150 गुण होते आणि शैक्षणिक संपादणुकीला त्यातले 43. पायाभूत सुविधांना 33, बाकीचे 74 शासनाची ध्येयधोरणं राबवण्याला. तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 3 लाखांचं बक्षीस, त्यामुळे सगळं गाव कामाला लागलं. रंग दिला, परसबाग केली, शाळा व्यवस्थापन समितीच्या माणसांनी स्वतः खड्डे खणले. याचा मला आनंदच आहे. पोरं त्या परसबागेतली मेथी खिचडीत घालून खातात. फक्त त्या काळात फोटो काढून अपलोड करण्यात माझे जे तास गेले ते वाचनाच्या तासातून गेले, आणि ते मी परत आणू शकले नाही.

यातल्या कुठल्याच कागदावर ‘हे मूल घरी कोणती भाषा बोलतं’ याला गुण नाहीत. आमच्याकडे घरात, गल्लीत, शेतात अहिराणी. काही घरांत भिली. पोर पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकीच असते.

एका चाचणीतला प्रसंग सांगते. बाजाराचं चित्र होतं आणि त्यावर पाच वाक्यं लिहायची होती. रोशनीने (नाव बदललंय) पेन्सिल ओली करकरून, कागद फाटेल इतकी दाबून दोन वाक्यं लिहिली: ‘मन्ही माय बजारले गयी. तिनी माले बांगड्या लयन्यात.’ कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद बांगड्यांप्रमाणे अनेकवचनी झालंय, दुसरं वाक्य पहिल्याला धरून आलंय. जूनमध्ये या मुलीला ‘म’ आणि ‘भ’ मधला फरक कळत नव्हता. मी तिला पाचपैकी एक गुण दिला. प्रमाण मराठी नाही म्हणून. तेवढाच बसतो असं तेव्हा वाटलं आणि तोच आकडा मी चॅटबॉटमध्ये भरला. रात्री भाकरी थापताना ते वाक्य आठवलं आणि हात थांबला. दुसऱ्या दिवशी तिचीच वाक्यं फळ्यावर लिहिली, शेजारी ‘माझी आई बाजारात गेली’ लिहिलं आणि दोन्ही वर्गाकडून म्हणून घेतली. मार्चमध्ये परिच्छेद वाचणाऱ्या तिघांत रोशनी आहे. तो एक गुण अजून तसाच आहे, बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. पट धरला जातो 30 सप्टेंबरचा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या गुजरातकडे निघतात, आईबापाबरोबर पोरंही जातात. एका मुलाला विचारलं, ‘बापू कुठंय रे?’ तर म्हणाला, ‘मना बाप कापूस येचाले जायेल शे, मंग आम्ही ऊसले जासूत.’ आठ दिवसांनी त्याची जागा रिकामी. मी त्याला शिक्षण हमी पत्रक दिलं होतं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घ्यावं. पण उसाच्या फडापासून शाळा किती लांब आणि तिथली भाषा कोणती, हे पत्रकाला कळत नाही. होळीला तो परत आला. हाताला कोयत्याची बारीक खूण होती, आणि नोव्हेंबरपर्यंत जोडशब्द वाचू लागलेलं पोर पुन्हा सुट्या अक्षरांवर आलेलं. मार्चच्या रकान्यातला तो अक्षरांवरचा एक म्हणजे हाच. तक्त्यात तो ‘अप्रगत’ आहे आणि ते अप्रगत आमच्या शाळेच्या नावावर जमा आहे. चार महिने तो शाळेत नव्हताच, हे लिहायला तिथे जागा नाही.

मोजू नका असं मी म्हणत नाही. मोजलंच पाहिजे. मोजमाप नव्हतं तेव्हा चौथी झालेलं पोर नाव लिहू शकत नसे आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे, ते दिवसही मला माहीत आहेत. 2005 पासून ‘असर’ या शिक्षण-पाहणीची माणसं घरोघरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ती पद्धत मला पटते. माझ्या वहीतल्या पायऱ्या मी तिथूनच घेतल्या. माझी मागणी एवढीच आहे की शाळेला श्रेणी देताना मूल कुठून निघालं तेही धरा. तेच मूल, जून आणि मार्च, मधलं अंतर. त्याच्या घरची भाषा आणि हजेरीचे दिवस शेजारी लिहा. माहिती सगळी आमच्याकडे आहे, फक्त कुणी मागत नाही. आणि वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गाचे टक्के काढू नका, मुलं मोजा. ‘सहापैकी तीन’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: उरलेले तीन कोण?

परवा पालकसभेत मी वही उघडून दाखवली. रोशनीची आई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही रकान्यांवर बोट ठेवून विचारलं, ‘मॅडम, यामा मन्ही आंडेरनं कोनतं?’ म्हणजे, यात माझ्या मुलीचं कोणतं? मी तिचं बोट उचलून पहिल्या रकान्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

या जूनला तिसरीत 7 मुलं आली आहेत. पहिला रकाना शनिवारी भरून झाला.